हँडमेडला मराठीत काय म्हणाल? दासी की बटीक?

आमच्या वाचनगटात या वेळी मार्गारेट ॲटवुडची १९८५ सालची 'द हँडमेड्स टेल' ही कादंबरी घेतली होती आणि अर्धा वेळ एका शब्दावरच गेला. मी सहज दासी म्हणून गेले तर एक मैत्रीण उखडलीच, म्हणे दासी म्हटलं की राणीमागे चवऱ्या ढाळणारी कोणीतरी दिसते, इथे बड्या अधिकाऱ्यांना मुलं देण्यासाठी बाईचं गर्भाशय सरकारजमा झालंय! पटलं मला, पण दुसरा शब्द सुचेना. मोलकरीण नाहीच, ती पगार घेऊन आपल्या घरी जाते.

— बटीक म्हणा की. विकत घेतलेली बाई, सरळ अर्थ.

— हो पण बटीक आता फक्त 'सत्तेची बटीक' एवढ्यात उरलाय, त्यातली बाई कधीच गेली, शिवी तेवढी राहिली. पेशवाईच्या कागदांत कुणबीण आहे, पण आज ते कोणी गुलाम या अर्थी वाचणार नाही. आणि गिलियडमध्ये, म्हणजे कादंबरीतल्या त्या हुकूमशाही राष्ट्रात, या बायका विकत नाही घेत हो, कमांडरच्या, म्हणजे बड्या अधिकाऱ्याच्या, घरी नेमून देतात.

— मी दासीच ठेवेन. पुस्तकाच्या सुरुवातीलाच बायबलातला उतारा आहे, उत्पत्तीचा ३०वा अध्याय, राहेलला मूल होत नाही म्हणून ती बिल्हाला नवऱ्याकडे पाठवते, आणि मराठी बायबलात बिल्हा दासीच आहे. शब्द सोवळा वाटतो हीच तर त्या राजवटीची चलाखी. बटीक लिहिलंत तर सरकारच खरं बोलायला लागलं ना!

— डिस्टोपियाला, म्हणजे अशा भयाण कल्पित जगाला, काय म्हणता मग?
— डिस्टोपियाच. दुःस्वप्नलोक वगैरे परीक्षेत लिहायला ठीक.

— (धागाकर्ती) दासी मान्य, माझाच शब्द परत आला :) पण आता गोष्ट सांगणाऱ्या ऑफ्रेडच्या नावाचं काय करायचं? ऑफ फ्रेड, म्हणजे फ्रेडची; दासीला तिच्या कमांडरचंच नाव. मला आधी जनाबाई आठवली, 'नामयाची दासी', तिथेही 'ची'च आहे की. पण ती सही तिची तिने केलेली, आणि 'नामयाची' म्हटल्यावर पुढे 'जनी' येतंच. इथे ऑफग्लेन नावाची एक दासी नाहीशी होते, तिच्या जागी दुसरीच बाई येऊन मीच ऑफग्लेन म्हणते. 'फ्रेडची' लिहिलं की मराठीत लगेच वाटतं पुढचा शब्द छापायचा राहिला, फ्रेडची कोण? मी तर तसंच अर्धवट ठेवीन.