अल्काराझची तुलना बोर्गशी का नको?

स्पेनचा टेनिसपटू कार्लोस अल्काराझ याला आकड्यांवरून आत्ताच फेडरर-नदालच्या रांगेत बसवायला काही जण निघालेत; माझा त्याला विरोध आहे. आकडेच बघायचे, तर सत्तरच्या दशकातल्या स्वीडनच्या ब्यॉन बोर्गला का विसरायचं? 2025 च्या यूएस ओपनपर्यंत अल्काराझची 6 ग्रँड स्लॅम (टेनिसच्या वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांची विजेतेपदं) झाली, वय 22. बोर्गचीही तेविसावा वाढदिवस येईपर्यंत 6 च होती, आणि तीही लाकडी रॅकेटवर! शिवाय बोर्ग या चारांपैकी ऑस्ट्रेलियन ओपनला फक्त एकदा, 1974 मध्ये गेला. तेव्हा बरेच मोठे खेळाडू तिकडे फिरकतच नसत. म्हणजे वर्षाला चार नव्हे, तीनच संधी.

मातीवरची फ्रेंच ओपन आणि गवतावरची विम्बल्डन एकाच वर्षी जिंकण्याबद्दलही तेच. अल्काराझने ते 2024 मध्ये केलं, कौतुक आहेच. पण 2001 पासून विम्बल्डनचं गवत बदललं, चेंडू जास्त उसळू लागला आणि बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवरून खेळणाऱ्यांचं फावलं. बोर्गने हा पराक्रम 1978 ते 80 सलग तीन वर्षं केला. तेही चेंडू खाली सरपटत जाणाऱ्या जुन्या गवतावर. अमेरिकेच्या पीट सॅम्प्रासला तर 14 स्लॅम जिंकूनही पॅरिस, म्हणजे फ्रेंच ओपन, कधीच सर झालं नाही.

मात्र 2025 ची फ्रेंच फायनल पाहिल्यावर माझा विरोध जरा मवाळ झालाय. प्रतिस्पर्धी सिनरकडे तीन चॅम्पियनशिप पॉइंट (एक गुण मिळाला की विजेतेपद), अल्काराझचे दोन सेट आधीच गेलेले, आणि हा पोरगा ड्रॉप शॉट (जाळीजवळ अलगद टाकलेले फटके) मारत साडेपाच तास उभा! तरी घाई नको: बोर्ग सव्विसाव्या वर्षी थकून जवळपास बाजूला झाला होता. अल्काराझ तिशीत काय करतो ते बघू, मग बोलू.