'पदं भरलेली' म्हणजे डॉक्टर भेटतो का? दक्षिण सोलापूरचे आकडे कसे वाचायचे

दक्षिण_तालुका:
ग्रामसभेत आरोग्यावर ठराव मांडायचाय. कागदावर प्राथमिक आरोग्य केंद्रातली दोन्ही वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदं भरलेली, आणि गावात ओरड अशी की संध्याकाळी डॉक्टर नसतोच. त्यात 834 माणसांमागे एक डॉक्टर हा संसदेतला आकडा व्हॉट्सॲपवर फिरतोय. यातलं ठरावात काय घालावं? आणि खाजगी फॅमिली डॉक्टर सरकार कुठे मोजतं?

आकडेमोड:
834 बाजूला ठेवा. त्याचा हिशोब असा: जून 2022 अखेर नोंदलेले 13,08,009 ॲलोपॅथी डॉक्टर, त्यातले 80 टक्के उपलब्ध आहेत असं धरलं, वर 5.65 लाख आयुष डॉक्टर मिळवले आणि देशाच्या लोकसंख्येला भागलं. ते 80 टक्के धरलेले आहेत, मोजलेले नाहीत. शिवाय यात रेडिऑलॉजिस्ट आले, कॉलेजात शिकवणारे आले, नोंदणी एका गावच्या पत्त्यावर आणि दवाखाना दुसरीकडे असलेलेही आले. आपल्या तालुक्यातल्या मंद्रूपला कुणाला ताप आल्यावर कोण बघणार, हे त्यातून निघत नाही.

खाजगीचं म्हणाल तर महाराष्ट्राचा शुश्रूषागृह नोंदणी कायदा खाटा असलेल्यांना लागतो. एक टेबल, दोन बाकं आणि कंपाउंडर असा ओपीडीवाला दवाखाना त्या यादीत येत नाही. जवळची यादी भलतीकडेच सापडते: प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनुसार बिनखाटांच्या दवाखान्यालाही एकदा प्राधिकारपत्र घ्यावं लागतं. त्यातून लॅब आणि दातांचे दवाखाने वगळा. बंद पडलेले दवाखाने यादीत तसेच राहतात, म्हणून प्रत्यक्ष फिरून खूण करा.

केसपेपर:
केंद्र सरकार दरवर्षी 31 मार्चची स्थिती छापतं (आधी 'रूरल हेल्थ स्टॅटिस्टिक्स', आता 'हेल्थ डायनॅमिक्स ऑफ इंडिया'). त्यात 'रिक्त' आणि 'तूट' हे दोन वेगळे रकाने असतात आणि इथंच सगळे फसतात. रिक्त म्हणजे मंजूर वजा भरलेली. तूट म्हणजे आवश्यक वजा भरलेली, आणि आवश्यक धरतात केंद्रामागे एकच डॉक्टर. समजा 10 केंद्रं, मंजूर पदं 20, भरलेली 12. रिक्त 8, पण तूट शून्य! त्या 10 पैकी दोन केंद्रांत एकही डॉक्टर नसला तरी तूट शून्यच, कारण बेरीज एकत्र होते.

आता 'भरलेली' बघा. बंधपत्रिताचा (शिक्षणानंतर ठरावीक काळ सरकारी सेवेची हमी दिलेल्या डॉक्टरचा) आदेश निघाला म्हणजे तो रुजू झाला असं नाही. प्रतिनियुक्तीवर, म्हणजे तात्पुरतं दुसऱ्या ठिकाणी कामाला, गेलेल्याचा पगार मूळ पदावरून निघत असेल तर पद भरलेलंच दिसतं. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरसाठी ड्युट्या लागतात, तेव्हा तो महिना नमुना म्हणून घेऊच नका. वर्षभराचं चित्र बिघडेल.

कुंभारी_नाका:
भागाकारातला खालचा आकडा, म्हणजे लोकसंख्या, कुणी तपासत नाही. मैदानी भागात 30 हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, 5 हजारांमागे उपकेंद्र हा निकष. शहरात 50 हजारांमागे एक नागरी केंद्र. 2011 ची सोलापूर शहराची लोकसंख्या 9,51,558, म्हणजे 19 केंद्रं. पण तेव्हा शहरात मोजलेली कितीतरी विडी कामगार कुटुंबं आज कुंभारीत आहेत. तिथल्या रे नगर या कामगारांच्या घरकुल वसाहतीतली पहिली 15 हजार घरं जानेवारी 2024 मध्ये दिली. घरटी चार माणसं धरली तरी सगळी घरं भरल्यावर 60 हजार, दोन केंद्रांचा भार. तिथं जुन्या जनगणनेवरचा 'इतक्या लोकांमागे एक' हा आकडा कागदावर छान दिसणारच.

उलट बाजूही लिहा: विडी कामगारांचे श्रम मंत्रालयाचे दवाखाने आणि ईएसआयचे (कामगार विमा योजनेचे) दवाखाने झेडपीच्या तक्त्यात नसतात. ते वगळून टंचाई दाखवली तर समोरचा लगेच पकडेल.

दक्षिण_तालुका:
मग माहिती अधिकारात हजेरीपट मागू का?

केसपेपर:
हजेरीपटाला 'वैयक्तिक माहिती' म्हणून कलम 8(1)(ञ) दाखवून नकार मिळायची शक्यता जास्त. त्यापेक्षा सहा महिन्यांची तारीखवार ओपीडी संख्या मागा, सकाळ-संध्याकाळ वेगळी, रुग्णांची नावं नकोत. दुसऱ्या अर्जात त्याच काळातले प्रतिनियुक्ती आदेश. एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांच्या आत, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर 20 रुपयांचं पहिलं अपील.

ओपीडी संख्या म्हणजे भेटी, माणसं नव्हेत. बीपीची गोळी न्यायला तीनदा आलेली आजी तीनदा मोजली जाते. संध्याकाळचा रकाना रोज कोरा असेल तर तुमचं काम झालं. भरलेला असेल तर शेवटचा अंक बघा. 0 किंवा 5 वर संपणारे आकडे साधारण पाचात एक यावेत. निम्मे तसेच असतील तर रजिस्टर महिनाअखेरीस एका बैठकीत भरलंय असा संशय घ्यायला जागा आहे.

आकडेमोड:
एक राहिलं. ठरावात 'डॉक्टरांची तूट' हा शब्द नको. उत्तर 'तूट शून्य' येईल आणि ते खोटंही नसेल. 'अमुक तारखेला मंजूर इतकी, रुजू इतकी, प्रत्यक्ष केंद्रात इतकी' असे तीन आकडे मागा.