लाईट गेली तरी कॉपी अर्धवट राहू नये, असं छोटं टूल करता येईल का?

प्रश्न (मालवण तालुका)

नमस्कार मंडळी. गावच्या वाचनालयातले जुने दिवाळी अंक मी स्कॅन करतोय. आगोट जवळ आली. एकदा पाऊस लागला की कपाटं ओल धरतात, पानं एकमेकांना चिकटतात, आणि कसर तर बारा महिने आहेच. गेल्या पावसाळ्यात दोन अंक उघडताना हातातच फाटले, म्हणून ही घाई.

जुना लॅपटॉप, लिनक्स मिंट, बॅटरी जेमतेम दहा मिनिटं. संध्याकाळी दिवसभराची पानं बाहेरच्या हार्डडिस्कवर टाकतो आणि नेमकी तेव्हाच लाईट जाते. महिन्यापूर्वी तसंच झालं. डिस्कवर सगळ्या फाईली दिसत होत्या, नावं बरोबर, म्हणून लॅपटॉपवरच्या पुसून टाकल्या. नंतर उघडून बघतो तर एका पानाचा वरचा अर्धा भाग आहे, खाली नुसता करडा पट्टा. त्या अंकाचा कागद इतका कुजलाय की तो पुन्हा काचेवर उपडा ठेवायचा धीर होत नाही.

मोठं सॉफ्टवेअर नको. लाईट गेली की स्वतःहून कॉपी थांबवायची, डिस्क नीट सोडवायची आणि काय केलं ते मराठीत सांगायचं, एवढंच. मी प्रोग्रामर नाही, पण टर्मिनलला घाबरत नाही.

उत्तर (रत्नागिरी)

दादा, आधी कॉपीची पद्धत बदला. साधी कॉपी थेट खऱ्या नावानेच फाईल लिहायला घेते, त्यामुळे अर्धी फाईलही पूर्ण वाटते. आरसिंक (कॉपी करायची लिनक्सची कमांड) आधी टिंबाने सुरू होणाऱ्या तात्पुरत्या नावाने लिहितं आणि फाईल पूर्ण उतरली की मगच खरं नाव देतं.

दुसरं म्हणजे, 'कॉपी झाली' असं दिसलं तरी काही भाग मेमरीतच असतो. 300 डीपीआयचं रंगीत ए-फोर पान टिफमध्ये न दाबता ठेवलं तर 25 एमबीच्या आसपास जातं, ते डिस्कवर उतरायला वेळ लागतो. मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरावं म्हणून शेवटी सिंक कमांड द्या.

उत्तर (देवगड)

लाईट गेल्याचं कळायला वेगळं काही बसवायला नको. सिस फोल्डरात क्लास, त्यात पॉवर सप्लाय, तिथे चार्जरच्या नावाखाली 'ऑनलाइन' फाईल असते. लाईट असली की 1, गेली की 0. दहा-दहा सेकंदांनी ती वाचणारी पंधरा ओळींची बॅश स्क्रिप्ट (टर्मिनलच्या कमांडची फाईल) पुरते. 0 सलग दोन मिनिटं राहिला तरच आरसिंक थांबवा, नाहीतर लाईट नुसती लुकलुकली तरी काम अडेल. मग डिस्क अनमाउंट करा, म्हणजे नीट सोडवा. पडद्यावर मराठी सूचना दाखवायला नोटिफाय-सेंड कमांड आहे. आंब्याच्या हंगामात आमच्या पेट्यांचा हिशेब मी असाच सांभाळतो.

आणि एक कळकळीने सांगतो: शा-256 ची (प्रत्येक फाईलीच्या आतल्या मजकुरावरून निघणाऱ्या ओळख-आकड्यांची) यादी करून दोन्हीकडच्या फाईली जुळल्याशिवाय मूळ पान पुसू नका.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. स्क्रिप्ट बसवली. काल पावणेसातला लाईट गेली आणि दोन मिनिटांनी पडद्यावर आलं, 'लाईट नाही. कॉपी थांबवली. डिस्क काढा.' रात्री लाईट आल्यावर आरसिंक पुन्हा चालवलं, राहिलेली 19 पानंच गेली. यादी जुळवली, एकही फरक नाही. आज त्या कुजलेल्या अंकाखाली जाड पुठ्ठा घालून ते पान पुन्हा घेणार आहे.