मत्स्यालयाचे फोटो: सोसायटी ग्रुपवर झालेली चर्चा

बी-३०४: कालच्या ट्रिपचे दोनशेच्या वर फोटो पडलेत ग्रुपवर, राग मानू नका पण माशांपेक्षा फ्लॅशचे पांढरे गोळेच जास्त दिसतायत. रविवारी दुसरी बॅच जाणार आहे, निदान त्यांनी तरी फ्लॅश बंद ठेवा.

ए-१०२ काकू: मुलांनी हौसेने काढलेत, लगेच काय बोलायचं.

बी-३०४: हौसेला ना नाही काकू. पण फ्लॅशचा उजेड काचेवर आपटून परत लेन्समध्ये येतो, मासा मागे काळोखातच राहतो. आणि बहुतेक माशांना पापण्या नसतात, डोळे मिटून घेतील म्हणावं तर तेही नाही.

सी-५०१: फ्लॅश बंदच होता माझा, तरी प्रत्येक फोटोत माझाच पिवळा टीशर्ट आणि मागे कासव पुसट

ए-४०३: कासवाला वाटलं असेल नवीन मासा आलाय 😂😂

बी-३०४: गडद कपडे घाला आणि लेन्स काचेला टेकवा. मध्ये फट राहिली की मागचे दिवे, माणसं सगळं काचेत दिसतं. फोन असेल तर मेन कॅमेरा टेकवून बाजूने हाताचा आडोसा करा. कॅमेरावाल्यांनी लेन्सच्या तोंडाला रबरी हूड, म्हणजे मऊ कडं, लावा, मोठ्या टाक्यांना काचेऐवजी बहुतेक ॲक्रिलिक म्हणजे पारदर्शक प्लास्टिक असतं, ओरखडा पटकन पडतो.

सेक्रेटरी: टाकीवरून आठवलं, उद्या १० ते १ वरची टाकी साफ होणार, सर्वांनी पाणी भरून ठेवावे 🙏

डी-१०४: कशात भरायचं? डी विंगला प्रेशर येतंच कुठे, तीन मीटिंगा झाल्या सांगून

सेक्रेटरी: साहेब आपला मुद्दा मिनिट्समध्ये घेतलेला आहे.

डी-१०४: मिनिट्समध्येच राहिलाय तो

बी-३०४: वरचं गाडलं गेलं म्हणून परत टाकतो. फ्लॅश बंद ठेवा.

सी-२०२: दादा मी पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लावला होता तर इंद्रधनुष्यासारखे पट्टे आले

बी-३०४: ॲक्रिलिकमधला ताण दिसतो तो. काढून ठेव, काचेसमोर सरळ उभं राहिल्यावर त्याचा उपयोग नाही, वर दीड-दोन स्टॉप, म्हणजे निम्म्याहून जास्त उजेड खातो. तिरकं उभं राहू नको, जाड काचेतून माशाच्या कडा फाटल्यासारख्या येतात. शटर १/१२५ ते १/२५० सेकंद, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) १६०० नाहीतर ३२०० गेला तरी चालेल, फोटोत दाणे आले तर येऊ देत, हललेला मासा नको. फोनवाल्यांनी नाईट मोड बंद करा, तो शटर जास्त वेळ उघडं ठेवतो आणि तेवढ्यात मासा पुढे गेलेला असतो.

ए-१०२ काकू: आमच्या नातवाचे फोटो डिलीट करायचेत का ते सरळ सांगा.

बी-३०४: काकू अहो उलट आहे! दोनशेत एकच फोटो धड आलाय आणि तो त्याचाच आहे, समुद्रघोड्याचा. झूम करून बघा, शेपटी पाणगवताच्या पात्याला गुंडाळलीये त्याचं एकेक कडं मोजता येतंय आणि फोकस बरोब्बर डोळ्यावर. बाकीच्यांचा फोकस काचेवरच्या बोटांच्या डागांवर बसलाय. त्याने काच रुमालाने पुसली, गुडघ्यावर बसला, फोन टेकवला आणि समुद्रघोडा वळेपर्यंत थांबला, मी मागेच उभा होतो.

सी-५०१: खरंच भारी आहे, मी नीट बघितलाच नव्हता

ए-१०२ काकू: तो तिथून हलायलाच तयार नव्हता हो. बस सुटेल म्हणून मीच हाताला धरून ओढून आणला.

बी-३०४: रविवारी माझी सीट त्याला द्या काकू.