मदत हवी आहे: १२० रोल फिल्म कोठे मिळेल?

वडिलांचा याशिका मॅट १२४जी हा जुना कॅमेरा अजून निर्दोष चालतो, परंतु त्यात घालायला १२० फिल्म (नेहमीच्या ३५ मिलिमीटरहून रुंद असलेला रोल) मिळेनाशी झाली आहे. पुण्यातील ज्या दुकानातून आम्ही वर्षानुवर्षे रोल घेत होतो, तेथे आता केवळ ३५ मिलिमीटरचे उरले आहेत. या कॅमेऱ्यातील फिल्म सपाट धरणारी दाबपट्टी सरकवून २२० फिल्मही, म्हणजे तेवढ्याच रुंदीचा पण दुप्पट लांब रोल, वापरता येते, जिच्यावर बाराऐवजी चोवीस चौकोनी छायाचित्रे निघत. २२० फिल्म जवळजवळ मिळतच नसल्याने ती सोय मात्र आता नावापुरतीच उरली आहे. फुजीफिल्मने २०२१ मध्ये प्रो ४००एच ही रंगीत फिल्म बंद केल्यापासून तिच्यासारखे त्वचेचे मृदू रंग मला अन्य रंगीत फिल्ममध्ये सापडलेले नाहीत, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

कृष्णधवलसाठी इल्फर्डची एचपी५ प्लस ही फिल्म इंग्लंडमध्ये अजून तयार होते. ती मुंबई-पुण्यात नियमितपणे, मुदत न संपलेली आणि थंड जागी ठेवलेली अशी कोणाकडे मिळते? परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांकडून मागवल्यास विमानतळावरील क्ष-किरण तपासणीने तिच्यावर धूसरपणा येतो का, याचा अनुभव कोणाला असल्यास कृपया सविस्तर लिहावे. रंगीत १२० रोल काळजीपूर्वक धुऊन देणारी प्रयोगशाळा माहीत असेल, तर तीही सुचवावी.