बकऱ्याच्या हृदयात डावं-उजवं कसं ओळखावं? झडपा न फाटता काप कुठून घ्यावा?

बायो_अकरावी: प्रात्यक्षिकासाठी बकऱ्याचं हृदय आणतोय. आकृतीत चार कप्पे सुटसुटीत दिसतात, हातात येतो तो नुसता गोळा. सुरुवात कुठून करू? माणसाच्या हृदयाशी कितपत जुळेल?

शरीररचना: मटणवाल्याला आधीच सांगा, 'दिल' चीर न देता, वरच्या नळ्या तीन-चार बोटं ठेवून हवंय. नाहीतर तो अलिंदं (वरचे दोन कप्पे) छाटूनच देतो.

दाबून पाहा. टणक बाजू डावी. खालचं टोकही डाव्या निलयाचंच (निलय म्हणजे खालचा कप्पा). पुढून चरबीने भरलेली तिरकी खाच जाते, तिच्याखाली दोन निलयांमधला पडदा असतो. सुरीने मधोमध उभे दोन तुकडे अजिबात करू नका. झडपांचे दोरे तुटतात आणि महाधमनीचं (डाव्या निलयातून निघणाऱ्या मोठ्या नळीचं) मूळ चिरलं जातं. कात्री घ्या. अलिंदातून शिरून बाहेरच्या कडेने खाली या, दोन्ही बाजूंना तसंच.

लॅब_काका: कापायच्या आधी पाण्याचा प्रयोग उरका, नंतर जमत नाही. नळाखाली गुठळ्या धुऊन काढा. फुप्फुस धमनीत (उजव्या निलयातून निघणाऱ्या नळीत) पाणी ओता, अर्धचंद्राकृती झडप ते धरून ठेवते. मग डावं अलिंद वरून उघडा, महाधमनीतून रबरी नळी थेट निलयात घालून दोऱ्याने आवळा आणि ५० मिलीच्या सिरिंजने पाणी सोडा. डाव्या अलिंद-निलयामधल्या द्विदली झडपेची दोन्ही दलं फुगून एकमेकांना भिडतात. थोडं पाझरणारच, झडपेचे दोरे धरणारे पॅपिलरी स्नायू आता ते ताणत नाहीत. भसाभस गळलं तर दलाखाली गुठळी अडकलीय.

शरीररचना: माणसात डाव्या निलयाची भिंत साधारण १ सेंमी, उजव्याची ३-४ मिमी. रक्त दोघं सारखंच ढकलतात, पण डाव्याला १२० मिमी पाऱ्याचा दाब लागतो, उजव्याला २५ पुरतो. मेल्यावर स्नायू आखडतो, म्हणून डावी पोकळी फार चिंचोळी दिसते; मुलं हमखास फसतात. शिवाय बकऱ्यात डावी ॲझायगस शीर (छातीच्या भिंतीतलं रक्त परत आणणारी) हृदयामागून वळून उजव्या अलिंदाकडे येते. माणसात ती अशी नसते, ती शोधायला लावू नका.

बायो_अकरावी: डावं निलय उघडल्यावर महाधमनीची झडप कुठे?

लॅब_काका: द्विदली झडपेच्या पुढच्या दलाआड. त्यामागून बोट वर सरकवा, थेट महाधमनीत जाईल. शेवटी ते दल कापून महाधमनी उलगडा: तीन खिसे दिसतील, आणि त्यातल्या दोघांच्या वर कॉरोनरी धमन्यांची (हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या) भोकं. त्यांत काडी घालून दाखवा.