कायोटी दीडशे-दोनशे यार्डांवरच थांबतो, डिकॉयने फरक पडेल का?

वाराबघ्या
मंडळी नमस्कार. पश्चिम कॅन्ससमध्ये एका रँचरने (गुरं पाळणाऱ्याने) त्याच्या कुरणात कायोटी (लांडग्याच्या कुळातलं, पण त्याहून लहान जंगली जनावर) मारायची परवानगी दिलीये, गाई विणार आहेत लवकरच म्हणून त्यालाही ते कमी झालेले हवेत. जागा एकदम उघडी, बुटकं गवत, मधेमधे कोरडे ओढे. इलेक्ट्रॉनिक कॉलरवर (जनावराला बोलावायला आवाज काढणारा स्पीकर) सशाच्या किंचाळण्याचा आवाज लावतो. कायोटी येतो, चांगला पळत येतो, पण दीडशे-दोनशे यार्डांवर उभा राहतो, कॉलरकडे टक लावून बघतो आणि तिथे काहीच हलत नाही म्हटल्यावर मोठा वळसा घालून वाऱ्याखाली जातो, म्हणजे माझ्यावरून वारा जातो त्या बाजूला, तिथे माझा वास लागला की विषय संपला. आता डिकॉय, म्हणजे त्याला फसवायला ठेवायचं खोटं सावज, घ्यायचा विचार आहे. मोटरने हलणारा छोटा घेऊ की अख्खा कायोटीचा पुतळा? आणि ठेवायचा नेमका कुठे, कॉलरजवळ की माझ्याजवळ? व्हिडिओत प्रत्येकजण वेगळंच सांगतो.

पॅनहँडलवाला
फरक पडतो, आणि तुझ्यासारख्या उघड्या जागेत सगळ्यात जास्त पडतो. दाट झुडपात मी डिकॉय काढतच नाही, तिथे त्याला दिसेपर्यंत तो तसाही वीस पावलांवर आलेला असतो. माळावर मात्र त्याला लांबून आवाजाची जागा बरोब्बर कळते आणि तिथे ससा दिसला नाही की शंका येते, तुझा कायोटी तेच करतोय.

पण एक गोष्ट डोक्यात पक्की ठेव, डिकॉय त्याला बोलावत नाही, बोलावतो आवाज. डिकॉयचं काम त्याची नजर अडकवून ठेवायचं. तुला रायफल दोन इंच सरकवायची असते त्या क्षणी तो तुझ्याकडे बघत नसला पाहिजे, एवढ्यासाठी तो. त्यामुळे स्वतःजवळ कधीच लावायचा नाही. कॉलर तुझ्यापासून चाळीस-पन्नास यार्ड आडव्या वाऱ्याला ठेव आणि डिकॉय त्याच्या चार-पाच फुटांत. तू असा बस की त्याला वाऱ्याखाली वळसा घालायचा झाला तर तुझा वास लागायच्या आधी तुझ्या समोरच्या मोकळ्या पट्ट्यातूनच जावं लागेल. डिकॉय असला तरी वळसा तो घालणारच, पुष्कळदा फक्त लहान घालतो, आणि तेवढंच आपल्याला पुरतं.

अजून एक, यावर फार कमी लोक बोलतात. डिकॉय जिथे लावशील साधारण तिथेच तो थांबणार, म्हणजे गोळी कुठल्या दिशेला जाणार हे तू डिकॉय रोवतानाच ठरवतोयस. लांबून दिसावा म्हणून टेकाडाच्या माथ्यावर लावलास तर कायोटीच्या मागे नुसतं आभाळ, मग गोळी मारताच येत नाही, पलीकडे गाई असतील, रस्ता असेल, काय सांगावं. उताराच्या निम्म्यावर लाव, मागे माती पाहिजे.

पिसारा
मोटरवाल्यावर आत्ताच पैसे घालू नकोस असं माझं प्रामाणिक मत. कडाक्याच्या थंडीत बॅटरी लवकर बसते, आणि वारा पडलेल्या सकाळी स्वस्त मोटरची घरघर मला स्वतःला ऐकू येते मग त्याला तर येणारच. टर्कीचं एक पीस घे, मासेमारीच्या बारीक दोऱ्याने वीतभर लोंबतं ठेवून गवताच्या उंचीपेक्षा जरा वर येईल अशा काठीला बांध. दोरा आणि पीस यांच्यामध्ये छोटी स्विव्हल (गरगर फिरणारी कडी) घाल नाहीतर पीळ बसून पीस काठीला गुंडाळतं आणि सगळं बंद पडतं. तुमच्याकडे वारा असतोच, त्यामुळे बाकी काही करावं लागत नाही.

रंगाचं म्हणशील तर कुत्र्याच्या जातीच्या प्राण्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, निळा-पिवळा कळतो, आणि हालचाल तर फारच पटकन टिपतो. म्हणून वाळक्या गवतावर तपकिरी पिसापेक्षा पांढरं टोक असलेलं घे, उठून दिसतं. कायोटी ओढ्यातून वर आला की बघ, आधी नुसते कान दिसतात, मग डोकं, मग एक पाय उचललेलाच राहतो आणि नजर पिसावर जाते. पीस हललं की तो पाय खाली येतो आणि पुढे सरकतो. तोपर्यंत तू अजिबात हलायचं नाही.

नेब्रास्काची_ताई
अख्ख्या पुतळ्याबद्दल मी सांगते. जानेवारी ते मार्च त्यांचा जोडी जमवायचा काळ, तेव्हा आरोळीचा आवाज लावून कायोटीचा पुतळा ठेवला तर त्या भागातला मालक नर तरातरा येतो, दुसरा कोण घुसला म्हणून. पण तरुण, एकटे फिरणारे असतात ते मोठा कायोटी उभा दिसला की मार खायच्या भीतीने लांबूनच परत फिरतात. म्हणून पुतळा फक्त याच दिवसांत, आरोळीबरोबर, आणि त्याचं तोंड येणाऱ्याकडे रोखलेलं नको, आडवा उभा कर. सशाच्या आवाजाला पिसारा म्हणतात तेच बरं.

आणि सुरक्षेचं मनावर घ्या. पुतळा नेताना-आणताना भडक केशरी कापडात गुंडाळून न्यायचा, खांद्यावर नुसता टाकून चालायचं नाही, दुसऱ्या शिकाऱ्याला लांबून ते खरंच जनावर दिसतं. रँचरला विचारा अजून कोणाला परवानगी दिलीये का. रात्री थर्मल (अंगाच्या उष्णतेवरून अंधारात दाखवणारी दुर्बीण) लावून बसणार असाल तर डिकॉयचा फारसा उपयोग नाही.

वाराबघ्या
ताई, पॅनहँडल दादा, पिसारा, खूप आभार. मागे मातीचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नसता. दोन प्रश्न अजून. रँचर म्हणतो त्याच्या ओळखीचा एकजण कुत्रा डिकॉय म्हणून वापरतो, ते काय असतं? आणि मी एच-वनवर (अमेरिकेतल्या कामाच्या तात्पुरत्या व्हिसावर) आहे, शिकारीच्या लायसन्सचं काही वेगळं?

पॅनहँडलवाला
लायसन्सचं आधी. तुमच्याकडे कायोटीला वर्षभर सीझन उघडा असला तरी लायसन्स लागतं. आणि एच-वनवर फेडरल कायद्याने बंदूक जवळ ठेवायलाच मनाई आहे, त्यातली एक सूट म्हणजे राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. ते एक दिवससुद्धा एक्स्पायर होऊ देऊ नको. दुसऱ्या राज्यात गेलास तर कॉलर आणि लाइटचे नियम तिथले वेगळे, दरवेळी वाइल्डलाइफ खात्याच्या साइटवर बघ.

नेब्रास्काची_ताई
कुत्र्याचं असं की एप्रिल-मेमध्ये पिल्लं होतात, त्यानंतर काही आठवडे जोडी बिळाजवळ कुत्रा दिसला की त्याला हुसकवायला अंगावर येते, आणि शिकवलेला कुत्रा त्यांना खेळवत शिकाऱ्यापर्यंत घेऊन येतो. कुत्रा घाबरून पळून जाणाराही नको आणि भिडणाराही नको, तयार करायला वर्षं जातात. मेंढ्या-कोकरं खरोखर मरत असतील तिथे ते कामाचं आहे, मी नाकारत नाही. पण नुकसान होत नसताना हौस म्हणून त्या दिवसांत आई-बाप मारले की पिल्लं बिळात उपाशी मरतात, ते मला अजिबात पटत नाही. तुम्ही कराल ते आत्ता हिवाळ्यात करा, वासरं यायच्या आधी, रँचरचंही काम होईल.

वाराबघ्या
पटलं ताई, कुत्र्याचा विषय सोडला. लायसन्स जूनपर्यंत चालू आहे, लगेच रिन्यूचा अलार्म लावतो. पीस आणि स्विव्हल आणतो, आरोळी आणि पुतळा नंतर बघू. दादा, ओढ्याच्या बाजूचा उतार पश्चिमेला आहे आणि सकाळी वारा बहुतेक वायव्येकडून असतो, तर मी दक्षिणेच्या कुंपणाजवळ बसू का, तिथे सूर्य पाठीशी राहत नाही एवढीच अडचण?

पॅनहँडलवाला
दोन्ही जमत नसतील तर वारा सांभाळ, सूर्य सोड. कुंपणाच्या खांबाच्या सावलीत बस, चेहऱ्याला जाळी घाल. आणि जाताना त्याच ओढ्यातून चालत जाऊ नकोस, तुझ्या पावलांचा वास तिथे पडून राहतो.